रुईचें विष आणि सुरवंट

दरेकशाच्या वाटेवर रुईचें झुडूप कोणीं पाहिलें नसेल? त्याच्या पानांना गुरें सहसा तोंड लावीत नाहींत. शरीरांतील पेशींत क्षारांची ने-आण करणारा जो सूक्ष्म पंप असतो, त्याला रुईच्या चिकांतील विष चिकटतें व तो बंद पाडतें. मग हृदयाची गति बिघडते. तरीहि काळ्या-पिवळ्या पट्ट्यांचा एक सुरवंट तींच पानें खातो, आणि त्याचें फुलपांखरूं होतें. हें कसें?

या कोड्याचा उलगडा त्याच्या अमेरिकेंतील भाऊबंदांत, मोनार्क फुलपांखरांत, झाला. तींहि रुईच्याच कुळांतील झाडांवर वाढतात. त्यांच्या पंपाच्या घडणींत तीन ठिकाणीं आनुवंशिक फरक आढळले. त्यामुळें विषाला तेथें घट्ट चिकटतां येत नाहीं. इ. स. २०१९ मध्यें शास्त्रज्ञांनीं तेच तीन फरक फळमाशींत घडवून आणले, आणि तीहि असलें विष सोसूं लागली! म्हणजे ही सहनशक्ति सवयीची नव्हे, वंशाची आहे.

शेतकरी बंधूंनीं यांतून बोध घ्यावा. एकच औषध वरचेवर फवारलें, कीं जे थोडे किडे जन्मतःच तें सोसतात तेच मागें उरतात, आणि पुढचें पीक त्यांच्या संततीच्या तोंडीं पडतें. म्हणून औषध गरजेपुरतेंच, व आलटून-पालटून वापरावें.