हातातली ठिणगी आणि एंजिनातली ठिणगी

जुनी मोटार विकत घेताना माणसे रंग पाहतात, टायर पाहतात, बैठका दाबून पाहतात. एंजिनाच्या माथ्यात घट्ट बसवलेले चार लहानसे स्पार्क प्लग काढून पाहणारा एखादाच. वास्तविक त्या गाडीने गेले काही महिने कसे काढले, याची नोंद त्या प्लगांच्या टोकांवर असते. ती वाचायला शाळेत शिकलेले पदार्थविज्ञान पुरते.

मुंबईत ही विद्या एके काळी रस्त्यावर शिकायला मिळे. कुर्ल्याच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कारखान्यात १९६४ पासून फियाट ११०० डिलाइट ही गाडी तयार होऊ लागली. तीच पुढे ‘प्रीमियर पद्मिनी’ झाली. तिचे एंजिन चार सिलिंडरचे, १०८९ घन सेंटिमीटरचे. गिरगावात किंवा दादरला उभ्या असलेल्या काळ्या-पिवळ्या टॅक्सीचे बॉनेट उघडून, प्लग पॉलिश-कागदावर घासत बसलेला टॅक्सीवाला हे रोजचे दृश्य होते. मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २००३ मध्ये नोंदली गेली आणि टॅक्सीला घालून दिलेली वीस वर्षांची मर्यादा संपल्यावर, ऑक्टोबर २०२३ मध्ये, तीही रस्त्यावरून गेली. हौशी लोकांकडे मात्र पद्मिनी अजून आहेत. समजा, तुमच्या काकांनी लालबागच्या एका ओळखीच्या गृहस्थाकडून अशीच एक गाडी घ्यायचे ठरवले आहे आणि ‘तू विज्ञान शिकतोस ना, चल बरोबर’ म्हणून तुम्हाला नेले आहे.

गाडी सुरू होते. उभी असताना आवाज बरा वाटतो. पण केम्प्स कॉर्नरच्या चढावर किंवा लालबागच्या उड्डाणपुलावर चढताना ती धक्के देऊ लागते, पिकअप घेत नाही. मेकॅनिकच्या भाषेत ‘मिस मारते’. चारांपैकी एका सिलिंडरमध्ये पेट्रोल आणि हवेचे मिश्रण अधूनमधून पेटतच नाही. ते न जळता बाहेर पडते. म्हणजे पैसे वाया आणि हवाही खराब.

सिलिंडर कोणता? जुन्या पद्धतीच्या गाडीत मेकॅनिक एंजिन चालू ठेवून एकेका प्लगची वायर क्षणभर काढतो. चांगल्या सिलिंडरची वायर काढली की एंजिन अडखळते. ज्याची काढल्यावर काहीच फरक पडत नाही, तो आधीपासूनच काम करीत नव्हता! (हा प्रयोग तुम्ही करायचा नाही. त्या वायरमध्ये हजारो व्होल्ट असतात. नव्या इलेक्ट्रॉनिक गाड्यांत तर तो मेकॅनिकनेही करू नये. कॉइल बिघडते आणि न जळलेले पेट्रोल धूर शुद्ध करणाऱ्या यंत्रणेत जाऊन जळते व तिची नासाडी करते.) मग एंजिन निवल्यावर त्या सिलिंडरचा प्लग शेजारच्या सिलिंडरमध्ये बसवून पाहायचा. दोष प्लगबरोबर गेला तर प्लगच वाईट. जागेवरच राहिला तर वायर, झडप किंवा पिस्टन यांच्याकडे वळायचे. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, हा प्रयोगशाळेतलाच नियम.

आता गंमत पाहा. गाडीचा मालक तो प्लग बाहेर काढतो, वायरला जोडून एंजिनाच्या धातूला टेकवतो, चावी फिरवायला लावतो. टोकाशी निळसर ठिणगी तडतडते. ‘पाहा, करंट येतोय, प्लग उत्तम आहे!’ तो खोटे बोलत नाही. पण त्याचा निष्कर्ष चूक आहे.

का, ते पाहू. हवा वीज वाहू देत नाही. मात्र विद्युत्-दाब पुरेसा वाढला की हवेतले मोकळे इलेक्ट्रॉन वेगाने धावतात, रेणूंवर आदळून आणखी इलेक्ट्रॉन सोडवतात आणि ठिणगी पडते. त्यासाठी इलेक्ट्रॉनला दोन टकरींच्या मध्ये वेग घ्यायला जागा हवी. हवा दाबली की रेणू जवळजवळ येतात, ही जागा कमी होते आणि अधिक दाब लावल्याशिवाय ठिणगी पडत नाही. ठिणगीला लागणारा दाब हा हवेची दाटी व टोकांतले अंतर यांच्या गुणाकारावर ठरतो, असे पाशेन या जर्मन शास्त्रज्ञाने १८८९ मध्ये दाखवले. प्लगच्या टोकांतली फट ०.६ मिलिमीटर धरली तर उघड्या हवेत दोन-तीन हजार व्होल्ट पुरतात. पण चढावर पॅडल दाबले असताना, पिस्टनने पाच-सहापट दाट केलेल्या मिश्रणात त्याच फटीला दहा ते पंधरा हजार व्होल्ट लागतात! म्हणून थकलेला प्लग हातात ठिणगी देतो, गाडी उभी असताना सिलिंडरमध्ये मिश्रण थोडे असते तेव्हाही देतो आणि नेमका चढावर दगा देतो.

प्लग थकतो म्हणजे काय? हिशेब करा. चार फेऱ्यांच्या चक्रावर चालणाऱ्या एंजिनात प्रत्येक प्लग दांड्याच्या दोन फेऱ्यांत एकदा पेटतो. मिनिटाला ३,००० फेरे धरले तर सेकंदाला २५ ठिणग्या. ताशी ६० किलोमीटरने दहा हजार किलोमीटर जायला सुमारे १६७ तास लागतात. तेवढ्यात एका प्लगमधून दीड कोटी ठिणग्या पडतात. दर ठिणगीला धातूचा अतिसूक्ष्म कण उडतो. फट रुंदावते आणि मधल्या अग्राच्या धारदार कडा गोल होतात. हे दुसरे नुकसान अनेकांच्या ध्यानात येत नाही. टोकदार जागी विद्युत्-क्षेत्र एकवटते. परळच्या गिरण्यांच्या उंच चिमण्यांवर तडितरक्षक टोकदार असत, ते आठवा. कड बोथट झाली की क्षेत्र विखुरते. म्हणून फट ठोकून पुन्हा बरोबर केली तरी जुना प्लग नव्यासारखा होत नाही.

आता रंग. मधल्या पांढऱ्या रोधकाचे नाक फिकट तपकिरी असेल तर सारे ठीक. कोरडी काळी काजळी असेल तर मिश्रणात पेट्रोल जास्त आहे किंवा गाडी नुसती गर्दीत रांगत फिरली आहे. रोधकाचे नाक सुमारे ४५० अंश सेल्सियसवर तापले तरच त्यावरची काजळी जळून जाते, आणि परळ ते दादर सिग्नलमागून सिग्नल थांबत जाणाऱ्या गाडीत ते तितके तापत नाही. काजळी म्हणजे कार्बन. तो वीज वाहतो. दाब पुरेसा चढण्याआधीच वीज या चोरवाटेने निसटते. उलट नाक पांढरेफटक, फोड आल्यासारखे असेल तर प्लग फार तापतो आहे.

सर्वांत वाईट म्हणजे ओला, तेलकट, काळा थर. पिस्टनच्या झिजलेल्या रिंगांमधून किंवा झडपेच्या बाजूने तेल वर येत असल्याची ती खूण. इथे नवे प्लग हा उपाय नाही. आणि म्हणूनच, सगळी गाडी जुनी व चारही प्लग करकरीत नवे दिसले तर काकांनी थोडे सावध व्हावे. विक्रेत्याने प्रामाणिकपणे बदलले असतील, किंवा पुरावा पुसला असेल. अशा वेळी जुने प्लग मागावेत आणि प्रत्येक सिलिंडरचा दाब मोजून घ्यावा. प्लगची किंमत आणि एंजिन उतरवून बांधण्याची किंमत यांत फार अंतर आहे.

पावसाळ्यात मात्र लगेच प्लगला दोष देऊ नका. हिंदमात्याच्या पाण्यातून आलेली गाडी मिस मारू लागली तर आधी वायरी आणि वितरकाचे टोपण कोरडे पुसावे. अंधारात बॉनेट उघडले तर भेगाळलेल्या वायरींवर निळसर चमक दिसते. आणि गाडी नैसर्गिक वायूवर चालत असेल, तर त्याला ठिणगीसाठी पेट्रोलपेक्षा अधिक दाब लागतो. तिथे झिजलेला प्लग आधी उघडा पडतो.

बदलायचे ठरले तर एंजिन पूर्ण थंड होऊ द्यावे. प्लगभोवतीची धूळ आधी फुंकून काढावी, नाहीतर ती सिलिंडरमध्ये पडते. पुस्तिकेत सांगितलेल्या क्रमांकाचाच प्लग घ्यावा, फट फीलर गेजने मोजावी. नवा प्लग प्रथम बोटांनीच फिरवत बसवावा. अ‍ॅल्युमिनियमच्या हेडमधले आटे मऊ असतात, आणि वाकडा शिरलेला प्लग पान्याने रेटला की ते कायमचे जातात. बोटांनी फिरेनासा झाला की सपाट वॉशरच्या प्लगला पान्याने साधारण अर्धा फेरा पुरे. वायरी एकेक करूनच काढाव्यात, म्हणजे १-३-४-२ हा पेटण्याचा क्रम बिघडत नाही. काढलेले प्लग सिलिंडरच्या क्रमाने कागदावर मांडून ठेवा, आकडे घाला, आणि काकांनी पैसे देण्यापूर्वी ते एकदा उजेडात धरून पाहा.