हुकूम कोणाचा?

वैमानिकावाचून उडणारे यान परक्याच्या आहारी जावे, यासाठी त्याला मिळणारे हुकूम अडविण्याचीही गरज नसते, ही गोष्ट टेक्सस विद्यापीठाचे प्राध्यापक टॉड हम्फ्रीज यांनी 2012 च्या जूनमध्ये न्यू मेक्सिकोतील व्हाइट सँड्स या लष्करी इलाख्यात, सरकारी अधिकाऱ्यांच्या समक्ष, सिद्ध करून दाखविली. सुमारे 20,000 किलोमीटर उंचीवरील उपग्रहांचे जीपीएस संदेश भूतलावर पोहोचेपर्यंत अत्यंत क्षीण होतात, आणि नागरी संदेशांना सांकेतिक संरक्षणही नसते. त्यामुळे त्यांची हुबेहूब नक्कल किंचित अधिक शक्तीने प्रक्षेपित केली, की बनावट शिक्क्याची सनद मुकाट्याने दाखल करून घेणाऱ्या कारकुनाप्रमाणे यानातील ग्राहकयंत्र तीच प्रमाण मानते. त्या प्रयोगात, हवेत स्थिर तरंगणाऱ्या छोट्या हेलिकॉप्टरला आपण वर चढत आहोत असा भ्रम झाला आणि ती न घडलेली चूक दुरुस्त करण्यासाठी ते जमिनीकडे झेपावले. देखरेखीवरील चालकाने ताबा घेतला म्हणूनच ते वाचले.

डिसेंबर 2011 मध्ये इराणच्या हाती पडलेले अमेरिकेचे आरक्यू-170 विमान याच युक्तीने उतरविल्याचा दावा झाला खरा. पण लष्करी संदेश सांकेतिक असतात, हे ध्यानी घेता तो सहजासहजी ग्राह्य धरवत नाही. इराकमधील प्रकार मात्र निर्विवाद होता. अमेरिकी यानांनी टिपून पाठविलेली असंरक्षित चित्रे तेथील बंडखोर, अवघ्या 26 डॉलरांच्या संगणक-प्रणालीने बिनदिक्कत पाहत, हे 2009 मध्ये उघडकीस आले. आणि ही उणीव बोस्नियातील मोहिमेपासून अधिकाऱ्यांना ठाऊक होती!