पडद्यावरची फुले अंगावर

घराची सजावट आणि अंगावरचा पेहराव यांचे नाते किती जवळचे, हे चिटाच्या कापडाने युरोपास दाखवून दिले. गोवळकोंड्याच्या राज्यात, मछलीपट्टणच्या परिसरात, कारागीर सुती कापडावर कलमाने वेलबुट्टी रेखीत. तुरटीच्या योगाने बसविलेला मुळांचा लाल रंग धुण्याने उडत नसे. सतराव्या शतकात चीट लंडनला पोचले ते पलंगपोस आणि पडदे म्हणून. १६४३ साली ईस्ट इंडिया कंपनीच्या संचालकांनी हिंदुस्थानातील वखारीस कळविले, की लाल जमीन येथे फारशी रुचत नाही. पांढऱ्या जमिनीवर रंगीत फुले पाठवावीत. पुढे तीच फुले पडद्यांवरून स्त्रियांच्या झग्यांवर उतरली.

इथवर सारी हौसेची गोष्ट. पण तीत लोकर व रेशीम विणणाऱ्यांच्या पोटाचा प्रश्न गुंतला होता. १७१९ साली लंडनच्या विणकरांनी भररस्त्यात बायकांच्या अंगावरचे चिटाचे झगे फाडले. त्या बिचाऱ्यांचा अपराध एवढाच, की त्यांना फुले आवडली! १७२१ च्या कायद्याने चीट अंगावर घालण्यास आणि घरात वापरण्यासही मनाई केली. फ्रान्सने तर १६८६ मध्येच बंदी घातली होती. ती १७५९ पर्यंत टिकली, तरी चोरवाटेने आलेले चीट तेथील दिवाणखान्यांत आणि उमरावांच्या अंगावर मिरवतच राहिले.