ठणका, कळ की मुंग्या?

तीन महिन्यांहून अधिक काळ टिकणाऱ्या किंवा पुन्हा पुन्हा उद्भवणाऱ्या दुखण्याला वैद्यकशास्त्रात जुनाट वेदना म्हणतात. ताप थर्मामीटरवर दिसतो, साखर रक्तात सापडते. वेदना मात्र रुग्णालाच सांगावी लागते. त्यामुळे निदान सुरू होते ते त्याच्या शब्दांपासून.

मराठीत अशा शब्दांना तोटा नाही. आग होते, मुंग्या येतात, वीज चमकल्यासारखी कळ जाते, नुसते पांघरूण लागले तरी सहन होत नाही, असे ऐकले की डॉक्टरांचा संशय मज्जातंतूंवर जातो. चालले-वाकले की वाढणारा आणि विश्रांतीने उतरणारा ठणका बहुधा सांध्याचा किंवा स्नायूंचा असतो. रोनाल्ड मेल्झॅक यांनी १९७५ मध्ये प्रसिद्ध केलेली मॅकगिल प्रश्नावली अशाच शब्दांवर उभी आहे. शून्य ते दहामधला आकडाही विचारतात, पण तो दोन रुग्णांची तुलना करण्यासाठी नव्हे. त्याच रुग्णाला महिन्याभराने कितपत फरक पडला, हे पाहण्यासाठी.

कंबरदुखीचे उदाहरण घ्या. रुग्णाला उताणे झोपवून पाय गुडघ्यात न वाकवता हळूहळू वर उचलतात. ३० ते ७० अंशांदरम्यान गुडघ्याखालपर्यंत कळ गेली, तर मज्जातंतूचे मूळ दबल्याची शक्यता असते. तरुणाची कंबर सकाळी अर्ध्या तासाहून अधिक आखडते आणि हालचालीने मोकळी होते, तेव्हा मणक्याच्या संधिवाताचा विचार होतो. ताप, अकारण घटलेले वजन, पूर्वी झालेला कर्करोग यांची चौकशी सुरुवातीलाच होते. लघवी-शौचावरचा ताबा सुटला किंवा बैठकीची जागा बधिर झाली, तर मात्र तातडीने रुग्णालय गाठावे लागते.

एमआरआयचा आग्रह बहुतेक वेळा रुग्णाचाच असतो. पण ज्यांना काहीच दुखत नव्हते, अशा लोकांच्या तपासण्यांचा २०१५ मध्ये एकत्रित आढावा घेतला गेला, तेव्हा विशीतल्या ३७ टक्के आणि ऐंशीच्या घरातल्या ९६ टक्के लोकांच्या मणक्यांमधल्या गाद्या झिजलेल्या दिसल्या. म्हणजे ‘गादी झिजली’ एवढ्याने दुखण्याचे कारण सापडले असे होत नाही.

काहींच्या बाबतीत तर सर्व अहवाल चांगले येतात आणि अंग दुखतच राहते. फायब्रोमायल्जिया या अशाच एका विकारात मज्जासंस्थाच अतिसंवेदनशील झालेली असते. ते दुखणे खरेच असते. ‘मनाचे खेळ’ म्हणून ते उडवून लावणे ही वैद्यकीय चूक आहे. झोप, उदासी, हालचालीची धास्ती यांविषयी डॉक्टर विचारतात ते याचसाठी.

तपासणीला जाताना रिपोर्टांच्या पिशवीसोबत, दुखणे केव्हा वाढते, कशाने उतरते आणि कोणती कामे अडतात, याचे चार ओळींचे टिपणही न्यावे.