यकृतविकारतज्ज्ञाचे कार्य आणि तालुक्याची आरोग्यव्यवस्था

यकृत हा शरीरातील सर्वांत मोठा अंतर्गत अवयव होय. पित्तनिर्मिती, रक्तातील प्रथिनांची घडण आणि औषधे व विषारी द्रव्ये यांचे विघटन ही त्याची प्रमुख कार्ये. त्याची राखीव क्षमता मोठी असल्याने विकार वर्षानुवर्षे लक्षणांविना वाढतो. जलोदर किंवा रक्ताची उलटी झाल्यावर रुग्ण रुग्णालयात येतो, तेव्हा बहुधा सिऱ्होसिसची अवस्था आलेली असते.

विकाराचे मूळ विषाणूत, मद्यपानात की यकृतात साठलेल्या मेदात आहे, हे ठरविणे यकृतविकारतज्ज्ञाचे पहिले काम. त्यानंतर यकृताचा ताठरपणा मोजणे, विषाणूरोधक औषधे देणे, अन्ननलिकेतील फुगलेल्या रक्तवाहिन्या दुर्बिणीद्वारे बांधणे आणि सिऱ्होसिसच्या रुग्णाची कर्करोगासाठी दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी करणे ही कामे येतात. अखेरचा उपाय प्रत्यारोपणाचा. त्यासंबंधीचा कायदा १९९४ मध्ये संमत झाला आणि भारतातील पहिले यशस्वी यकृत प्रत्यारोपण १९९८ मध्ये दिल्लीत झाले.

असे तज्ज्ञ मुख्यतः महानगरांत एकवटलेले आहेत. बंगळूरच्या पूर्वेस असलेले होसकोटे हे तालुक्याचे ठिकाण महानगराला लागूनच आहे. तरीही रोजंदारीवरील रुग्णाच्या दृष्टीने प्रत्येक तपासणीचा खर्च केवळ शुल्काचा नसतो. त्यात प्रवास, बुडालेली मजुरी आणि सोबत येणाऱ्या नातेवाइकाचा दिवसही मोजावा लागतो. अर्थशास्त्रात यालाच अप्रत्यक्ष खर्च म्हणतात. दूरच्या तालुक्यांत तो अधिकच वाढतो आणि उपचार अर्ध्यावर सुटतात.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२२ मध्ये भारतात हिपॅटायटिस-बी चे सुमारे २.९८ कोटी आणि हिपॅटायटिस-सी चे सुमारे ५५ लाख बाधित होते. हिपॅटायटिस-सी वरील सोफोसबुवीर हे औषध २०१३ मध्ये अमेरिकेत आले, तेव्हा बारा आठवड्यांच्या उपचारांची किंमत ८४,००० डॉलर होती. २०१४ मध्ये भारतीय कंपन्यांना उत्पादनाचे परवाने मिळाले व किमती झपाट्याने उतरल्या. यामुळेच २८ जुलै २०१८ रोजी सुरू झालेल्या राष्ट्रीय विषाणूजन्य हिपॅटायटिस नियंत्रण कार्यक्रमात मोफत निदान व उपचार देणे शक्य झाले. २०३० पर्यंत हिपॅटायटिस-सी चे उच्चाटन हे त्याचे उद्दिष्ट आहे. हिपॅटायटिस-बी ची लस मात्र जन्मानंतर २४ तासांच्या आत द्यावी लागते. ते काम प्रसूतिगृहातील परिचारिकेचे आहे.

यावरून श्रमविभागणीचे सूत्र स्पष्ट होते. लसीकरण, रक्ततपासणी आणि मद्यपान व स्थूलता यांविषयीचे समुपदेशन तालुका पातळीवर व्हावे. गुंतागुंतीचे रुग्ण तज्ज्ञाकडे जावेत व स्थिरावल्यावर पाठपुराव्यासाठी तालुक्यात परतावेत. तज्ज्ञाचा वेळ हे दुर्मीळ संसाधन आहे. तालुक्यात निदान लवकर झाले, तर तोच वेळ यकृत निकामी होण्यापूर्वी रुग्णाच्या उपयोगी पडेल. तसे न झाल्यास प्रत्यारोपणाचा खर्च कुटुंबाला कर्जाच्या खाईत लोटू शकतो.