संकेतस्थळावरील बंदी आणि आभासी चलनाचा व्यवहार

आभासी चलनाची खरेदी-विक्री भारतात बेकायदा आहे, असा समज अनेक ठिकाणी आढळतो. वस्तुस्थिती तशी नाही. या चलनास कायदेशीर चलनाचा दर्जा नसला, तरी त्याच्या व्यवहारांवर सरसकट बंदी नाही. मात्र दिनांक ७ मार्च २०२३ च्या अधिसूचनेने हे व्यवहार घडवून आणणाऱ्या बाजारसंस्थांना मनी लाँडरिंग प्रतिबंधक कायदा, २००२ लागू झाला. परिणामी, वित्तीय गुप्तवार्ता विभागाकडे नोंदणी करणे आणि ग्राहकांची ओळख पडताळणे त्यांना बंधनकारक ठरले.

परदेशातील काही संस्थांनी ही नोंदणी केली नाही. दिनांक २८ डिसेंबर २०२३ रोजी बायनान्स, कुकॉइन, क्राकेन यांच्यासह नऊ संस्थांना कारणे दाखवा नोटिसा देण्यात आल्या आणि जानेवारी २०२४ मध्ये त्यांची संकेतस्थळे भारतात रोखण्यात आली.

अशी बंदी इंटरनेट सेवा पुरविणाऱ्या कंपन्यांमार्फत अमलात येते. रोखलेल्या पत्त्याकडे जाणारी मागणी त्या पुढे पाठवीत नाहीत. व्हीपीएन ही सुविधा तीच मागणी सांकेतिक स्वरूपात परदेशातील संगणकामार्फत पाठविते, म्हणून बंद पान उघडते. तथापि, वाट बदलल्याने दायित्व बदलत नाही. दिनांक १ एप्रिल २०२२ पासून नफ्यावर ३० टक्के कर आहे. तो व्यवहार कोठूनही केला, तरी करदात्यास चुकत नाही.

खरा धोका निराळाच आहे. अधिकृत ॲप मिळेनासे झाले, की अनोळखी दुव्यावरून ते घेण्याचा मोह होतो. हुबेहूब दिसणारी बनावट संकेतस्थळे याच संधीची वाट पाहत असतात. नोंदणी नसलेल्या परदेशी संस्थेत पैसे अडकल्यास दाद मागणेही दुष्कर होते. अर्थात नोंदणी म्हणजे सुरक्षिततेची हमी नव्हे. जुलै २०२४ मध्ये वझीरएक्स या भारतीय बाजारसंस्थेतून सुमारे २३ कोटी डॉलर मूल्याचे आभासी चलन चोरीस गेले.

बंदी कायमचीच असते असेही नाही. जून २०२४ मध्ये बायनान्सला १८ कोटी ८२ लाख रुपये दंड झाला. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये आपली नोंदणी झाल्याचे त्या कंपनीने जाहीर केले.

यास्तव शिक्षक व पंचायत सदस्यांनी गावातील तरुणांना एक गोष्ट आवर्जून सांगावी: बंद दार कसे उघडावे याआधी ते का बंद झाले, हे विचारावे. फसवणूक झाल्याचे लक्षात येताच १९३० या क्रमांकावर विनाविलंब तक्रार नोंदवावी.