ट्रॅक्टरमधील विजेचे चकवा देणारे बिघाड

छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यातील पैठण, गंगापूर, वैजापूर आदी तालुक्यांत पेरणीपासून ऊसवाहतुकीपर्यंत अनेक कामे ट्रॅक्टरवर अवलंबून असतात. ऐन पेरणीत ट्रॅक्टर सुरू न झाल्यास वाफसा हातचा जातो. रात्री ट्रॉलीचे मागील दिवे न लागल्यास प्राणघातक अपघाताचा संभव असतो. अशा वेळी बॅटरीस दोष देऊन नवी बॅटरी विकत घेतली जाते. परंतु पुष्कळदा दोष बॅटरीत नसून जोडणीत असतो.

विजेचा प्रवाह बॅटरीच्या धन ध्रुवाकडून निघून दिव्यातून अथवा स्टार्टरमधून जातो व ट्रॅक्टरच्या लोखंडी सांगाड्यातून ऋण ध्रुवाकडे परततो. परतीच्या या वाटेस ‘अर्थ’ म्हणतात. गंज, धूळ अथवा सैल नट यांमुळे ही वाट अडली की प्रवाह आडवाट शोधतो. बिघाडाचे मूळ शोधताना ही गोष्ट ध्यानात ठेवावी.

१. भलताच दिवा लागणे : ब्रेक दाबताच दुसराच दिवा मिणमिणू लागला, तर प्रथम अर्थ तपासावा. ट्रॉलीस अर्थ पुष्कळदा केवळ जोडपिनेतून मिळतो. ट्रॉली व ट्रॅक्टर यांचे सांगाडे एका जाड वायरीने तात्पुरते जोडून पाहावे. दिवे नीट लागल्यास तेथे कायमची वायर बसवावी.

२. सेल्फ न लागणे : पुढील दिवे लावून सेल्फ मारावा. दिवे एकदम मंद झाले, तर बॅटरी उतरलेली, टर्मिनल सैल अथवा स्टार्टर अडकलेला असण्याचा संभव असतो. दिवे तेजस्वीच राहिले, तर किल्लीचे स्विच, सोलेनॉइड अथवा क्लचजवळचे सुरक्षा-स्विच तपासावे.

३. बॅटरी रात्रीतून उतरणे : किल्ली काढून ऋण वायर सोडावी व ती वायर आणि ऋण ध्रुव यांच्यामध्ये १२ व्होल्टचा लहान दिवा जोडावा. दिवा पेटल्यास कोठेतरी गळती आहे. एकेक फ्यूज काढीत जावे. ज्या फ्यूजने दिवा विझेल, त्या शाखेत दोष समजावा. उंदरांनी कुरतडलेल्या वायरी तेथे विशेष पाहाव्यात. हा दिवा जोडलेला असताना सेल्फ मारू नये.

मल्टिमीटर असल्यास निदान सुकर होते. विश्रांतीनंतर पूर्ण भारित बॅटरी सुमारे १२.६ व्होल्ट दाखविते. इंजिन चालू असता सामान्यतः १३.८ ते १४.४ व्होल्ट मिळावेत. आकडा वर चढत नसल्यास पट्टा व ऑल्टरनेटर तपासावेत.

बॅटरी सोडताना ऋण वायर प्रथम काढावी व जोडताना शेवटी लावावी. बॅटरीतून ज्वालाग्राही वायू निघतो, म्हणून जवळ विडी अथवा ठिणगी नसावी. फ्यूजच्या जागी साधी तार कदापि घालू नये. तिने बिघाड झाकला जातो आणि ट्रॅक्टरला आग लागण्याचा धोका उद्भवतो.

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी या तपासण्या हंगामापूर्वी शेतकऱ्यांना प्रत्यक्ष करून दाखवाव्यात.